काळ्या तळ्याची वाट

'दुरून डोंगर साजरे' ही म्हण आपल्याकडे घरोघरीं ऐकूं येते. परंतु कांहीं डोंगर असे आहेत कीं, त्यांचें साजरेपण जवळ गेल्याखेरीज दिसत नाहीं. आणि जवळ गेल्यावर म्हणींतील इशाराही खोटा नव्हता, हें ध्यानीं येतें. पोलंडच्या दक्षिण सीमेवरील तात्रा पर्वत हा त्यांपैकींच एक होय.

या पर्वताच्या पायथ्याशीं झाकोपाने नांवाचें गांव आहे. सुटी लागली म्हणजे शहरांतील कुटुंबें मुलाबाळांसह येथें येतात. त्यांच्या आवडत्या सहलींपैकीं एक म्हणजे 'चार्नी स्ताव', अर्थात् 'काळें तळें', येथवरची पायपीट. सकाळीं निघून दिवेलागणीपूर्वीं परतावें, एवढीच ही मजल. गांवालगतच्या कुझ्नित्से या ठिकाणाहून, सुमारें १०१० मीटर उंचीवरून, वाट चढूं लागते. प्रथम सूचिपर्णी वृक्षांचें दाट रान, मग उघडा कणा, आणि दोनएक तासांनीं मेंढपाळांचें जुनें कुरण लागतें. तेथें १९२५ सालीं उभारलेली दगडी धर्मशाळा आहे. गरम सूपाचा वाडगा हातीं घेऊन वाटसरू येथें क्षणभर टेकतात. पुढें अर्ध्या तासाची वाट ठेंगण्या पाइनच्या झुडुपांतून आणि शिळांतून जाते, व एकाएकीं समोर तें तळें उघडतें.

उंची १६२४ मीटर. खोली सुमारें पन्नास मीटर. प्राचीन काळीं येथें हिमनदी होती. तिनें कठीण ग्रॅनाइट खडक कोरून ही द्रोणी घडविली, आणि हिमनदी वितळून गेल्यावर तींत पाणी सांठलें. तिन्ही बाजूंच्या कड्यांची सांवली पडत असल्यामुळें पाणी काळेंभोर दिसतें. ऊन आलें कीं तेंच गर्द निळें होतें. मध्यें एक चिमुकलें बेटही आहे. ज्यांचे पाय थकलेले नसतात, ते आणखी वर 'झ्मार्झ्वी स्ताव', म्हणजे 'गोठलेलें तळें', पाहावयास जातात. तेथें कित्येकदां उन्हाळा लागला तरी बर्फ तरंगत असतो.

परंतु या वाटेवरील सर्वांत बोलकी वस्तु तळें नव्हे. तळ्याच्या अलीकडे, कोश्चेलेत्स शिखराच्या उतारालगत, एक शिळा उभी आहे व तिजवर स्वस्तिक कोरलेलें आहे. तें पाहून आपल्याकडील माणूस चकितच होईल. तात्रांतील डोंगरी लोक हें चिन्ह पूर्वीं शुभ मानीत. पुढें जर्मनींतील ज्या पक्षानें तें बळकावून १९३९ सालीं पोलंडवरच स्वारी केली, त्याच्याशीं या शिळेचा कांहीं एक संबंध नाहीं. ती त्याच्या पुष्कळ आधींची आहे. शिळा आहे मिएचिस्वाव कार्वोविच या संगीतकाराच्या स्मरणार्थ. ८ फेब्रुवारी १९०९ रोजीं, वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं, तो बर्फावरून स्की घालून एकटाच या तळ्याकडे निघाला होता. छायाचित्रें घेण्याचा त्यास मोठा छंद. याच ठिकाणीं वरून हिमलोट कोसळला, आणि तो गाडला गेला.

डोंगरावरील बचावासाठीं एखादी संस्था असावी, अशी चर्चा तेथें आधींपासूनच चालू होती. या मृत्यूनें तिला धार आली, व त्याच वर्षीं तात्रांतील स्वयंसेवक बचाव पथक स्थापन झालें. मारिउश झारुस्की हा त्याचा पहिला प्रमुख. पुढच्याच वर्षीं, ऑगस्ट १९१० मध्यें, एका जखमी तरुण गिर्यारोहकास सोडविण्यासाठीं पथक निघालें. पावसानें व थंडीनें सर्वांचे हातपाय गारठले; झारुस्कीनें परत फिरण्याचा हुकूम दिला. सर्व फिरले, साठीच्या घरांतील क्लिमेक बाख्लेदा हा वाटाड्या मात्र फिरला नाहीं. तो एकटाच पुढें गेला, आणि पडत्या दगडांखालीं मरण पावला. तो तरुणही वांचला नाहीं.

हुकूम मोडणें चूक होतें काय? शिस्तीच्या दृष्टीनें होय. तथापि वर कोणी तरी विव्हळत आहे, हें जाणून ज्याचे पाय मागें वळले नाहींत, त्यास दोष देण्यास जीभ धजत नाहीं. मात्र त्यांतून सहलीस जाणारानें घ्यावयाचा धडा निराळा आहे. आपल्या एका हट्टापायीं दुसऱ्या कोणास तरी वर चढावें लागतें, हा तो धडा. हें पथक आजही कार्य करीत आहे. त्याच्या दिमतीस हेलिकॉप्टर आहे, आणि वांचविल्याबद्दल कोणाकडून पैसा घेतला जात नाहीं. म्हणून तर जबाबदारी अधिक. उन्हाळ्यांत तेथें दुपारनंतर ढग गडगडूं लागतात. २२ ऑगस्ट २०१९ रोजीं शेजारच्याच ग्येव्होंत शिखरावर वीज कोसळून चौघे दगावले व शंभरांहून अधिक जखमी झाले; त्या दिवसाची सकाळ अनेकांनीं सहलीच्या आनंदांतच घालविली होती.

यासाठीं तेथील जाणते लोक सांगतात कीं, पहांटे निघावें, आभाळाकडे लक्ष ठेवावें, आणि ढग दाटले तर तळें हांकेवर असलें तरी परत फिरावें. हजारों वर्षें तेथें असलेलें तळें उद्यांही तेथेंच असेल. घरीं वाट पाहणाऱ्या माणसांना मात्र आजच संध्याकाळीं दारांत पाऊल वाजलेलें हवें असतें.