टोकन देण्याआधी
(मंडळाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मी पेशाने सॉफ्टवेअरवाला. टेस्टिंग झाल्याशिवाय चार ओळींचा कोडही आम्ही लाईव्ह करत नाही. पण इथल्याच एका हॉटेलात भरलेल्या प्रॉपर्टी प्रदर्शनात पुण्याच्या फ्लॅटचं चकचकीत ब्रोशर पाहिलं आणि अर्ध्या तासात टोकनचा चेक फाडला! बाबांनी फोनवर एकच विचारलं, "सातबारा कोणाच्या नावावर आहे?" मी गप्प. वकिलांनी शोध घेतल्यावर कळलं, जमिनीवर भाऊबंदकीचा दावा चालू होता. टोकन बुडालं, पण थोडक्यात निभावलं.

सगळ्यांचं निभावत नाही. वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडमध्ये १९८० च्या दशकात मंजुरीपेक्षा जास्त मजले चढवले गेले. भोगवटा प्रमाणपत्र नसतानाच लोक राहायला आले, मुलंबाळं मोठी झाली, आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते मजले बेकायदा ठरवले.

२०१७ पासून महारेरा आहे. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकला की मंजुऱ्या, ताब्याची तारीख, कोर्टातले दावे इथे बसून पाहता येतात. पण नोंदणी म्हणजे हमी नव्हे. ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट स्वतःच्या वकिलाकडून घ्या, बिल्डरच्या नको. तयार घराचं भोगवटा प्रमाणपत्र मागा. आणि शेतजमिनीचा मोह झाला तर लक्षात ठेवा, फेमाच्या नियमांनुसार अनिवासी भारतीयांना ती विकत घेता येत नाही.

मंडळी, टेक्का मार्केटमध्ये आपण भेंडीसुद्धा मोडून बघतो. मग आयुष्याची पुंजी लावताना प्रश्न विचारायला संकोच कसला?

शुभ दीपावली!