साथ कां ओसरते?

मुंबईंत १८९६ सालीं ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग, शिरला. आणि पुढें वर्षानुवर्षें तो हिवाळ्यांत डोकें वर काढी व पावसाळ्याच्या सुमारास मावळे. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या अवधींतील मृत्यूंचे आंकडे आठवड्यावार नोंदलेले आहेत. ते कागदावर मांडले असतां घंटेच्या आकाराची रेषा उमटते.

शहरांत लाखों माणसें अद्याप धडधाकट असतां साथ ओसरावी कां? जंतूचा जोर आपोआप सरतो, असें पुष्कळांस वाटे. निराळें उत्तर १९२७ सालीं एडिंबरो येथील दोघांनीं दिलें. त्यांपैकीं मॅकेंड्रिक हे पूर्वीं हिंदुस्थानांत, कसौली येथें, काम केलेले डॉक्टर. दुसरे कर्मॅक हे रसायनशास्त्रज्ञ, १९२४ सालीं प्रयोगशाळेंतील अपघातांत दृष्टि गमावलेले. आंकडे दिसत नसतां ज्यानें समीकरणांचा पाठपुरावा केला, त्याच्या चिकाटीस तोड नाहीं.

त्यांची मांडणी शाळकरी मुलासही उमगेल. लोकवस्तीचे तीन वाटे करावे: ज्यांस रोग होऊं शकतो ते, ज्यांस झाला आहे ते, आणि बरे होऊन वा मरून जे या व्यवहारांतून सुटले ते. श्रोत्यांनीं अशी कल्पना करावी, कीं एक रोगी दोघांस रोग देतो. एकाचे दोन, दोहोंचे चार होतात. परंतु भोंवतालचीं निम्मीं माणसें आजार भोगून सुटलीं, कीं तोच रोगी सरासरीनें एकासच गांठतो, आणि तेथून उतार लागतो. साथ थांबण्यास सगळी वस्ती आजारी पडावी लागत नाहीं, कीं जंतूही दुबळा व्हावा लागत नाहीं.

हें गणित त्यांनीं मुंबईच्या नोंदींशीं ताडून पाहिलें. सतराव्या आठवड्यांत सुमारें ८९० मृत्यू, हें त्यांच्या रेषेचें शिखर. नोंदी तिच्याशीं बऱ्याच जुळल्या.

मात्र आंकडे जुळले म्हणजे कारण सांपडलें, असें नव्हे. हा प्लेग मुख्यतः उंदरांच्या पिसवांमार्फत येई, माणसापासून माणसास नव्हे. ही अडचण कर्त्यांनीं स्वतःच नमूद केली आहे. शिवाय साथ ठराविक ऋतूंतच कां उसळे, याचा जाब त्या समीकरणांत नाहीं. पुढील अभ्यासकांनीं याच मुद्द्यावर बोट ठेविलें.

तरीही उताराच्या उंबरठ्याची कल्पना टिकली. एक रोगी चौघांस रोग देत असेल, तर चारांपैकीं तिघांहून किंचित् अधिक लोक लसीनें सुरक्षित झाले कीं पुरे. २०२० सालीं कोविडच्या साथींत आरोग्याधिकारी ज्या आंकड्याकडे डोळे लावून बसत, तो हाच: एका रोग्यामागें नवे रोगी किती? तो एकाच्या खालीं उतरला कीं नाहीं, हें पाहून टाळेबंदी उठविण्याचा खल चाले.