राजाच्या बायका
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या वाचनवर्गात बायबल चालू असता एका भगिनीने मला पेचात धरले. 'अनुवाद' पुस्तकाच्या १७व्या अध्यायात राजाने फार घोडे, फार सोने-रुपे व फार बायका करू नयेत असे बजावले आहे. मग दुसऱ्या शमुवेलाच्या १२व्या अध्यायात नाथान संदेष्टा दावीदाला देवाच्या नावाने कसे सांगतो, की तुझ्या धन्याच्या बायकाही मीच तुला दिल्या? त्या दिवशी चहाची वेळ झाली म्हणून मी सुटले!

घरी येऊन पुन्हा वाचले. 'फार' म्हणजे किती, हे नियमात नाहीच. यहुदी पंडितांनाही हे खटकले होते. मिश्नात राजाला १८ बायकांची मर्यादा घातली आहे. एक पंडित म्हणाले, मन बहकवीत नसतील तर अधिकही चालतील. दुसरे म्हणाले, बहकवणारी असेल तर एकही नको. (दोष बायकांकडेच, हे आलेच!)

घोडे, सोने, बायका हे तिन्ही शलमोनाचे वैभव. त्याच्या ७०० राण्या आणि ३०० उपपत्नी. म्हणून पुष्कळ अभ्यासक मानतात की, हा नियम त्याच्यानंतर, त्याला पाहूनच लिहिला गेला. इ.स.पू. ६२२च्या सुमारास योशीया राजाच्या काळी मंदिरात नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला, तो याच पुस्तकाचा गाभा असावा असे त्यांचे मत आहे. त्या ग्रंथाविषयी देवाला विचारायला राजाची माणसे गेली ती हुल्दा नावाच्या बाईकडे!

आणि नाथान काही बहुपत्नीत्वाची वाखाणणी करीत नव्हता. एवढे मिळूनही उरीयाची बायको घेतलीस, म्हणून तो राजाला झापत होता. जुन्या राजाचा जनाना मिळणे म्हणजे राज्यच मिळणे, अशी तेव्हाची समजूत.

इथवर माझे समाधान झाले. पण त्याच भाषणात नाथान शिक्षा सांगतो, ती मला अजून पचत नाही. दावीद पळाला तेव्हा घर राखायला दहा उपपत्नी मागे ठेवून गेला. त्याचाच मुलगा अबशालोम याने गच्चीवर, सर्वांदेखत, त्यांची अब्रू घेतली. दावीद परतल्यावर त्यांना पहाऱ्यात ठेवले. अन्न मिळे, पण मरेपर्यंत त्या विधवांसारख्या राहिल्या. गुन्हा राजाचा, भोगले त्या दहा जणींनी. मी त्यांची नावे शोधली, दिलेली नाहीत.

त्या भगिनीला एवढेच उत्तर माझ्यापाशी आहे.