छाटतात ती राखायची बाग

इब्री लोकांस पत्राचा बारावा अध्याय आपल्या परिचयाचा आहे, म्हणून तो वाचून दाखवत नाही. त्यातली एकच गोष्ट सांगायची आहे, आणि ती मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. देव शिस्त लावतो ती आपल्या लेकरांना. संकट आलं म्हणजे देवानं टाकलं, असं धरून बसू नका.

नारायणगाव-जुन्नरकडच्या माणसाला द्राक्षबाग काय सांगायची! एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. भर उन्हात हिरवी बाग एका डोळ्यावर येते, मांडवावर नुसते ओलांडे उरतात. नवख्याला वाटेल, मालकानं बाग मोडायला काढली. पण मोडायच्या बागेवर कुणी कात्रीची मजुरी घालत नाही. ती बुडापासून तोडतात. छाटतात ती राखायची बाग. मग नवी काडी येते आणि जूनच्या सुमारास तिच्या डोळ्यात पुढचा घड धरतो. बाहेरून काही दिसत नाही. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर तो बाहेर पडतो, माल निघायला जानेवारी-फेब्रुवारी उजाडतो. वेलीसाठी आपण एवढा धीर धरतो, आणि देवासाठी दोन आठवडे धरवत नाही!

आता थोडं रागावून बोलतो. कुणाला कर्ज झालं, कुणाचं मूल आजारी पडलं, की मंडळीतलेच कुणी जाऊन विचारतात, कुठलं पाप केलंत? हे थांबवा. पापाचा दंड प्रभूनं वधस्तंभावर भरला. बाप तो लेकराकडून पुन्हा वसूल करत नाही. शिस्त वेगळी, दंड वेगळा. आणि 30 जुलै 2014 रोजी आपल्या आंबेगाव तालुक्यात माळीणवर डोंगर कोसळला, दीडशेवर माणसं गेली. त्याला देवाची शिस्त म्हणायचा अधिकार कुणालाही नाही. शिस्तीचा विचार ज्यानं त्यानं आपल्या दुःखात, गुडघे टेकून करायचा. दुसऱ्याच्या दारात उभं राहून नाही.

आपल्या दुःखातून पुढे काय फळ येतं, त्यासाठी पंडिता रमाबाई पाहा. दुष्काळानं आईवडील नेले, 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये पती. पुढे 1897 च्या दुष्काळात त्याच बाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली, विधवा घेऊन आल्या आणि केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. भूक काय असते हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. 1921 मध्ये मुलगी मनोरमा गेली, तरी बायबलच्या भाषांतराचं काम सुटलं नाही.

पुन्हा सांगतो, लेकरू आहात म्हणून शिस्त आहे.

दुसऱ्याच्या दुःखात कसं जायचं, त्यासाठी बायबलमधल्या दुःखी ईयोबाला भेटायला आलेले त्याचे मित्र पाहा. पुढे ते बरंच चुकीचं बोलले, पण आधी सात दिवस नुसते त्याच्याजवळ बसले, तेवढं त्यांचं बरोबर होतं. या आठवड्यात दुःखातल्या एका घरी जा. भाकरी घेऊन जा, आणि आधी त्यांचं ऐकून घ्या.