नाव ठेवणे आणि नावे ठेवणे
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



मी जेमतेम सातवीपर्यंत शिकलेली, घरसंसार करणारी बाई. चारचौघींसमोर उभे राहून बोलण्याची मला सवय नाही. चिटणीसबाईंनी फारच आग्रह केला, म्हणून उभी आहे. काही कमीअधिक बोलले गेले तर पदरात घ्यावे.

आज मी बारशाविषयी बोलणार आहे. बारसे आपणांस काही नवे नाही. बाराव्या दिवशी पाळणा बांधावा, घुगऱ्या वाटाव्यात, आत्याने बाळाच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगावे आणि बाकीच्यांनी तिच्या पाठीत धपाटे घालावेत! या गडबडीत त्या नावाचा अर्थ काय, हे विचारायचे मात्र पुष्कळदा राहून जाते.

आमच्या मजल्यावरची एक मुलगी जपानी भाषा शिकते. एके दुपारी मी गहू निवडीत बसले होते, तेव्हा तिने वहीत चित्रांसारखी अक्षरे काढून दाखविली. जपानी आईबाप बाळाच्या नावाचे एकेक अक्षर अर्थ पाहून निवडतात. सूर्य आणि चंद्र शेजारी शेजारी काढले की 'उजेड' हे अक्षर होते. 'अकिरा' हे मुलाचे नाव त्या अक्षराने लिहितात. 'हारुको' हे मुलीचे नाव. त्यातला 'को' म्हणजे मूल. 'हारु' वसंताच्या अक्षराने लिहिले तर वसंतातले मूल, आणि निरभ्र आकाशाच्या अक्षराने लिहिले तर निरभ्र आकाशाचे मूल. उच्चार एकच, पण आशीर्वाद निराळा. नावात कोणती अक्षरे चालतील हेही तिथे सरकारने ठरवून दिले आहे. ती सुमारे तीन हजार आहेत. १९९३ साली एका बापाने मुलाचे नाव 'अकुमा', म्हणजे सैतान, ठेवायचे ठरविले, तेव्हा कचेरीने हरकत घेतली.

मला वाटले, किती शहाणे लोक! पण तीच मुलगी पुढे म्हणाली, "काकू, जुन्या काळी तिथे मुलींना 'सुए' आणि 'तोमे' अशीही नावे ठेवीत. सुए म्हणजे शेवट, तोमे म्हणजे थांब." आता मुले पुरेत, ही शेवटची ठरो, म्हणून! माझ्या हातातले सूप हातातच राहिले.

कारण, भगिनींनो, माझे माहेरचे नाव नकोशी.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातली, चौथी मुलगी. असे नाव ठेवले की पुढचा मुलगा होतो, अशी समजूत. आईने मला कधी टाकून बोलले नाही, दूधभात भरविला; पण हाक मारली ती त्याच नावाने. शाळेत हजेरी घेताना गुरुजी 'नकोशी' म्हणत आणि मी 'हजर' म्हणे. दगडू, धोंडू, भिकू अशी नावेही आपल्याकडे असत. महर्षी कर्व्यांचे नाव धोंडोच होते. पण असली नावे बहुतेक मूल जगावे, दृष्ट लागू नये म्हणून ठेवीत. त्यांत 'राहा रे बाबा' असे मागणे होते. माझ्या नावात 'का आलीस' असा सवाल होता.

लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने माझे नवे नाव लिहिले. सासरी नाव बदललेले कित्येकींना खुपते, आणि ते योग्यच आहे. डॉ. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना, रमाबाई रानडेही माहेरच्या यमुनाच. मला मात्र त्या तांदळांत सुटका दिसली. दादरला आल्यावर जवळजवळ तीस वर्षे मी ते जुने नाव कोणाला सांगितले नाही. शाळेचा दाखला ट्रंकेच्या तळाशी ठेवला. ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात अशा अडीचशेहून अधिक मुलींना समारंभाने नवी नावे मिळाली. कोणी देवीचे नाव घेतले, कोणी सिनेनटीचे. वर्तमानपत्रातली ती बातमी मी कापून ठेवली. का, ते घरात सांगितले नाही.

गेल्या वर्षी माझ्या लेकीला दुसरी मुलगी झाली. बारशाच्या आदल्या दिवशी बाळंतविडा घेऊन मी गेले. विहीणबाई म्हणाल्या, "नाव ठरले आहे, अंतिमा." ऐकायला किती गोड! पण अर्थ शेवटची. सुए, तोमे, नकोशी यांच्याच पंक्तीतले. मी पडले मुलीची आई. व्याह्यांच्या घरात तोंड उघडावे की मुकाट्याने जेवून परत यावे? रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी विहीणबाई घुगऱ्या शिजवीत होत्या, तिथे जाऊन मी म्हणाले, "विहीणबाई, माझे माहेरचे नाव नकोशी आहे."

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आमच्या मनात तसे काही नव्हते हो. कानाला बरे वाटले, इतकेच."

मी म्हणाले, "तुमच्या मनात नसेल. पण तिच्या कानात ते जन्मभर राहील."

दुपारी आत्याने बाळाच्या कानात 'कुर्र' केले आणि नाव सांगितले, आभा. आभा म्हणजे प्रकाश. त्या जपानी सूर्यचंद्राच्या अक्षरासारखेच! शिवाय १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे सरकारी कागदपत्रांत आधी आईचे, मग वडिलांचे नाव लिहावयाचे आहे. म्हणजे नातीच्या नावाशेजारी माझ्या लेकीचेही नाव राहील. माझ्या आईला हे सांगायला हवे होते.

भगिनींनो, माझे मागणे एवढेच. आपल्या घरी, शेजारी पाळणा हलेल तेव्हा नावाचा अर्थ विचारा. खटकला तर, पाहुणी असलात तरी, बोला. बाईला नावे ठेवायला जग बसलेलेच आहे. निदान आपण तिचे नाव तरी चांगले ठेवू या.

माझे ते जुने नाव आज मी आपणा सर्वांसमोर मोठ्याने उच्चारले. आपण ते शांतपणे ऐकून घेतलेत.