डॉ. सेठी आणि मास्टरजी: एका पायाची व अनेक घरांची आठवण



माणूस गेल्यानंतर वृत्तपत्रात चार ओळींचे जे निवेदन छापले जाते, त्यात प्रेमळ पती, वत्सल पिता आणि लाडके आजोबा ही बिरुदे बहुधा ठरलेलीच असतात. ती खोटी असतात असे नव्हे. परंतु गिरणीमालकाच्या निवेदनात ती जशी असतात तशीच हमालाच्याही, आणि म्हणून त्यांतून त्या माणसाच्या जगण्याचा काहीच बोध होत नाही. कष्टकऱ्याच्या घरात पती, पिता आणि आजोबा असणे ही निव्वळ भावनेची गोष्ट नसते. पहाटे शेतावर जाणे, चिखलात उभे राहून लावणी करणे, पोत्याखाली खांदा देणे, जेवणाच्या वेळी सर्वांबरोबर मांडी घालून बसणे, नातवाला कडेवर घेऊन जत्रेला जाणे, या सर्व कृतींनी मिळून ते नाते बनलेले असते. ज्याचा पाय रुळाखाली गेला किंवा सडल्यामुळे कापावा लागला, त्याच्यापासून ही नाती एकेक करून दुरावू लागतात. तो घरातच असतो, पण उंबरठ्याशी बसून.

6 जानेवारी 2008 रोजी जयपूर येथे निवर्तलेले शल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांची आठवण याच दृष्टीने करणे योग्य ठरेल. त्यांच्या स्वतःच्या संसाराचा हिशेब त्यांच्या कुटुंबियांपाशी आहे आणि तो त्यांच्यापाशीच राहावा. सभेत मांडावयाचा हिशेब तो दुसरा, त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी परत मिळवून दिलेल्या संसारांचा.

सेठी यांचा जन्म 1927 साली वाराणसीत झाला. वडील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. आग्र्याला वैद्यकीय शिक्षण झाले, एडिंबरोहून एफ.आर.सी.एस. ही पदवी मिळाली, आणि 1954 मध्ये ते जयपूरच्या सवाई मानसिंग वैद्यकीय महाविद्यालयात व रुग्णालयात रुजू झाले. 1958 मध्ये अस्थिशल्य विभाग उभारण्याचे काम त्यांच्यावर सोपविण्यात आले. वास्तविक ते सामान्य शल्यचिकित्सक. हा विषय त्यांनी हौसेने निवडलेला नव्हता. येथवर ही कथा त्या काळच्या कोणत्याही हुशार, सुस्थितीतील, परदेशातून शिकून आलेल्या डॉक्टरची आहे.

वेगळेपण सुरू होते ते एका साध्या निरीक्षणापासून. रुग्णालयाने दिलेले कृत्रिम पाय रुग्ण वापरीत नसत. पाय घेऊन गेलेला शेतकरी काही महिन्यांनी पुन्हा कुबड्यांवर दिसे. यावर सर्वांत सोपे उत्तर असे होते, की रुग्ण अडाणी आहे, त्याला शिस्त नाही. असे उत्तर देणारे सुशिक्षित लोक आपल्या देशात कधीच कमी नव्हते. सेठींनी ते उत्तर स्वीकारले नाही. त्यांनी दोष पायात शोधला. पाश्चात्य देशांत तयार झालेले पाऊल बुटात घालण्यासाठी केलेले होते. त्याच्या आत लाकडाचा ताठ गाभा, त्यामुळे घोटा वाकत नसे. खुर्चीवर बसणाऱ्या, बूट घालून फरसबंद रस्त्याने चालणाऱ्या माणसासाठी ते उत्तम होते. आपल्याकडचा माणूस मात्र देवळात, मशिदीत आणि स्वयंपाकघरात अनवाणी जातो, उकिडवा बसतो, मांडी घालतो, बांधावरून, वाळूतून, पाण्यातून चालतो. त्याला बूट परवडत नाही, आणि परवडला तरी भाताच्या खाचरात बुटाचा उपयोग काय? त्या पायाने तो रुग्णालयाच्या व्हरांड्यात चालू शकत होता, घरात नव्हे.

हा प्रश्न वैद्यकशास्त्राच्या ग्रंथांतून सुटण्यासारखा नव्हता. तो सोडविण्यासाठी जयपूरच्या कारागिरांचा हात लागला. रुग्णालयात रुग्णांना हस्तकला शिकविणारे रामचंद्र शर्मा, ज्यांना सारे ‘मास्टरजी’ म्हणत, हे परंपरेने कारागीर होते. प्राथमिक शाळेच्या पुढे त्यांचे शिक्षण फारसे झालेले नव्हते. दगड, धातू, लाकूड यांना हवा तो आकार देणे हे त्या शहराचे पिढ्यान्‌पिढ्यांचे कसब. मास्टरजींच्या सायकलचे चाक वाटेत पंक्चर झाले, दुकानात ट्रकच्या टायरवर नवे रबर चढविण्याचे काम चाललेले त्यांनी पाहिले आणि तेथेच त्यांना कल्पना सुचली, अशी हकीकत सांगितली जाते. हकिकतींना कालांतराने झिलई चढते, हे खरे. पण टायर दुरुस्त करणाऱ्याची भट्टी ही या शोधाची पहिली प्रयोगशाळा होती, यात शंका नाही.

पहिला प्रयत्न फसला. नैसर्गिक पावलावरून साचा घेऊन त्यात सगळे रबर भरले, तर पाऊल जड आणि ताठ झाले. मग टाच आणि चवडा यांसाठी हलके, सच्छिद्र रबर, घोट्यासाठी लाकडाचा ठोकळा, मजबुतीसाठी टायरमधील नायलॉनचे धागे, आणि या सर्वांवर कातडीच्या रंगाच्या रबराचे आवरण, अशी जुळणी करण्यात आली. साच्यात तापवून ते सर्व एकजीव केले जाई. पाऊल आता सर्व बाजूंना वाकू लागले, खडबडीत जमिनीशी जुळवून घेऊ लागले, आणि पाण्यात भिजूनही टिकू लागले. वरची नळी ॲल्युमिनियमच्या पत्र्याची, ठोकून ठोकून रुग्णाच्या मापाची केलेली. पुढे तिच्या जागी प्लास्टिकचा पाईप आला. 1968 च्या सुमारास सिद्ध झालेले हे पाऊल जगभर जयपूर फूट म्हणून ओळखले जाते. त्याचे एकस्व घेण्यात आले नाही. कोणत्याही देशातील कारागीर ते बनवू शकतो.

शोध लागला म्हणजे तो गरिबापर्यंत पोहोचतो, असे मात्र नाही. पहिल्या सात वर्षांत जेमतेम पन्नास-साठ लोकांना हा पाय मिळाला. 1975 मध्ये डी. आर. मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली. मेहता हे सनदी अधिकारी. अपघातात त्यांचा स्वतःचा पाय जायबंदी झालेला होता. समितीने पाय विनामूल्य देण्यास आणि दुरून आलेल्या रुग्णाची व त्याच्या सोबत्याची राहण्या-जेवण्याची सोय करण्यास सुरुवात केल्यावर रीघ लागली. ज्या कामगाराची मजुरी रोजच्या रोज आहे, त्याच्या दृष्टीने पाय किती दिवसांत मिळतो हा प्रश्न पाय केवढ्याला मिळतो याइतकाच निकडीचा असतो, हे येथे ओळखले गेले. महाराष्ट्रातील तालुक्यांच्या गावी भरणारी जयपूर फूटची शिबिरे ही त्याच कामाची पुढची पावले होत.

मुंबईच्या नृत्यांगना सुधा चंद्रन यांनी 1981 च्या अपघातात पाय गमावल्यावर जयपूरच्या पायावर पुन्हा भरतनाट्यम् केले, आणि त्यावर ‘मयूरी’ हा तेलुगू व पुढे ‘नाचे मयूरी’ हा हिंदी चित्रपट निघाला. त्यामुळे हे नाव घरोघर गेले. त्या जिद्दीला वंदन केले पाहिजे. परंतु चित्रपट ज्यांच्यावर निघत नाही, असे रिक्षा ओढणारे, विटा वाहणारे, ऊस तोडणारे लोक या पायाचे खरे बहुसंख्य धनी आहेत. त्यांनी रंगमंचावर नव्हे, तर आपल्याच अंगणात पुन्हा पाऊल टाकले.

1981 मध्ये डॉ. सेठींना सामाजिक नेतृत्वासाठी मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी पद्मश्रीही. हे सन्मान रास्त होते. तरीही वर्गांत विभागलेल्या समाजात श्रेयाचे वाटप कसे होते, हे या बाबतीतही दिसल्यावाचून राहात नाही. हात आणि डोके यांचा असा संयोग क्वचित घडतो, आणि घडला तरी प्रमाणपत्रावर डोक्याचेच नाव येते. सेठी हे स्वतः जे शिकले ते कारागिराकडून आणि रुग्णाकडून, ही त्यांची थोरवी. मात्र मानपत्रे छापणाऱ्या जगाला मास्टरजींचे नाव उच्चारण्यास पुष्कळ वेळ लागला.

एक अपवाद नोंदविला पाहिजे. 1978 मध्ये कृत्रिम अवयवांच्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात या रबरी पावलाविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यावर चार लेखकांची नावे आहेत. पहिली तीन डॉक्टरांची: सेठी, उदावत, कासलीवाल. चौथे नाव, कोणत्याही पदवीवाचून, आर. चंद्र.