दूरस्थ काम आणि वर्गणीची वही

२०२० च्या टाळेबंदीत संगणकावर काम करणारे अनेकजण मुंबई-पुण्याहून गावी परतले आणि 'घरून काम' ही नवीच गोष्ट जन्मास आल्याचा गवगवा झाला. मालगुंडच्या परिसराला त्यात नवल ते काय? कोकणातील ग्रामस्थ मंडळांचा कारभार पिढ्यान्‌पिढ्या दोन ठिकाणांहून चालत आला. वर्गणी गिरणगावच्या चाळीत जमायची, शाळेचे छप्पर गावात दुरुस्त व्हायचे; मधला दुवा पोस्टाचे पत्र. उत्तराला दिवस लागत, म्हणून मोघम लिहून भागत नसे. काम कोणी करायचे, किती पैशांत, कधीपर्यंत, हे कागदावर उतरवावेच लागे. शिमग्याला वा गणपतीला हिशेब समोरासमोर होत. भांडणेही होत, आणि ती व्हायलाच हवीत.

आज साधने तत्काळ आहेत. परंतु स्पष्टतेची जागा अहोरात्र वाजणाऱ्या निरोपांनी घेतली आहे. वीज, खोली, खुर्ची कामगाराची. देखरेख मात्र मालकाची. फ्रान्समध्ये २०१७ पासून मोठ्या आस्थापनांना कामाच्या वेळेबाहेरील संपर्काबाबत कामगारांशी वाटाघाटी कराव्या लागतात. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत मांडलेल्या खासगी विधेयकाचा कायदा झाला नाही.

खरा प्रश्न संघटनेचा आहे. १९८२ च्या संपाला गिरण्यांची दारे तरी होती. ज्यांना एक दारच नाही, त्यांची सभा कोठे भरणार? मंडळाची वही सभासदांच्या हाती असे. या कामगारांचे परस्परसंभाषणदेखील मालकाच्या यंत्रात साठते. तेव्हा आरंभ मालकाच्या यंत्राबाहेरच्या सभासद-यादीपासून करावा लागेल, आणि वर्षातून दोनदा प्रत्यक्ष बैठक. तीही कंपनीच्या खर्चाने नव्हे, वर्गणीतून.